बरी झाल्याची परतभेट

त्सुरुओका, ९ फेब्रुवारी

मित्सुयो,

त्या दिवशीही मी पाचलाच उठले होते. दारातला बर्फ फावड्याने बाजूला ओढला, तुझ्या दादाच्या फोटोपुढे वाफाळता भात ठेवला, उदबत्ती लावली. कोंड्यात मुरवलेला मुळा काढून धुतला. आपल्या चटयांच्या दुकानाचं शटर वर केलं, सुया पुसून फडक्यावर मांडल्या. हे गेल्यापासून तीन वर्षं माझी सकाळ ह्याच क्रमाने जाते. त्यातलं एखादं काम पुढेमागे झालं तर सगळा दिवस अंगावर येतो. सगळं उरकल्यावर लक्षात आलं की टोफू संपलाय, म्हणून पुलाजवळच्या सुपरमार्केटात गेले.

दारातून आत दोन पावलं टाकली आणि थेट आडवी झाले. लोकांच्या बुटांनी आणलेला बर्फ वितळून लादीवर पाणी पसरलं होतं. एरवी तिथे भलंमोठं काळं पायपुसणं असतं, त्या दिवशी नव्हतं. उजवा हात टेकला आणि मनगटातून मुळा मोडल्यासारखा आवाज आला. मॅनेजर तोगाशी धावत आले. मी त्यांना म्हटलं, "माफ करा हं, भर गर्दीच्या वेळी तुम्हाला त्रास दिला." ॲम्ब्युलन्समधल्या माणसांचीही माफी मागितली. आता आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

परवा तोगाशी घरी येऊन गेले. उंबऱ्याशी गुडघे टेकून वाकले. स्ट्रॉबेरीची पेटी आणली होती, वर पाकिटात दहा हजार येन. ह्यांच्या फोटोपुढे उदबत्ती लावून गेले. माणूस बरा वाटला.

चार आठवडे प्लास्टर आहे. हे डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर असं. डोक्यावर आहे ते फक्त देवळाचं काम. ऑक्टोबरमध्ये जुन्या महंतांची तेहेतिसावी पुण्यतिथी, तोवर मोठ्या सभागृहातल्या अठ्ठेचाळीस तातामींवर नवी वीण चढवून कडेच्या पट्ट्या शिवून द्यायच्यात. एवढ्या जाड चटईत हाताने सुई घालणारी आता गावात मीच उरलेय. हात सुटला की धरते. काळजी करू नकोस.

किनुए

*

नीगाता, १५ फेब्रुवारी

वहिनी,

थंडीवाऱ्याचं एक वाक्य नाही, माझ्या गुडघ्यांची चौकशी नाही, पत्र उघडलं तर "पाचलाच उठले होते"! तुमच्यासारखं पत्र अख्ख्या जपानात दुसरं कोणी लिहीत नसेल. पण माझं डोकं तापलं ते त्यामुळे नाही.

तुम्ही माफी मागितलीत? हाड तुमचं, पाणी त्यांचं, पायपुसणं उचललं त्यांनी, आणि माफी तुम्ही मागितलीत? दादा असता तर... जाऊ दे. दादा असता तर त्याने तुमच्या आधी मागितली असती.

एकतीस वर्षं मी मोठ्या दुकानाच्या भेटवस्तूंच्या काउंटरवर उभी राहिले, शेवटची नऊ वर्षं प्रमुख म्हणून. पलीकडेच तक्रारींचं टेबल होतं. रडत येणाऱ्याला स्ट्रॉबेरी मिळायची आणि कागद घेऊन येणाऱ्याला भरपाई. तेव्हा कागद जमवा. डॉक्टरचा दाखला, औषधांच्या पावत्या, बसची तिकिटंसुद्धा. पायात होते ते बूट फेकू नका. कशावरही सही-शिक्का करू नका. आणि लेखी मागा: औषधपाणी आणि बुडालेलं काम, दोन्ही. फोन अजिबात नको, फोनवर तुम्ही समोरच्याला "हो, हो" करत बसता.

देवळाचं काम कोणालाही देऊ नका. ते गेलं की पुढच्या वर्षी कोणी तुमच्या दारात येणार नाही, आणि दादाचं दुकान मिटलं.

आणि हो, स्ट्रॉबेरी आणि पाकीट ठेवून घेतलंय तर परतभेटीचं विसरू नका. भांडण भांडणाच्या जागी, रीत रीतीच्या जागी. प्लास्टर निघालं की निम्म्या किमतीचं काहीतरी पाठवा, टॉवेल बरे. काउंटरवर नुसतं सांगा की दुखण्याची परतभेट आहे, मुली बरोबर त्या मजकुराची कागदी पट्टी लावतात आणि वर न सुटणारी गाठ मारतात, म्हणजे दुखणं परत फिरून येत नाही. आपल्या इतागाकींच्या घराला कोणी नावं ठेवायला नकोत.

मित्सुयो

*

त्सुरुओका, ६ मार्च

मित्सुयो,

अजून बर्फ आहे. तुझे गुडघे कसे आहेत? झालं समाधान?

प्लास्टर सत्तावीस तारखेला निघालं. तू सांगितलंस ते सगळं केलं. सुपरमार्केटला पत्र पाठवलं, औषधपाणी आणि बुडालेलं काम, दोन्ही लिहिलं. त्याचं उत्तर दुकानाकडून आलंच नाही. आला तो सेंदाईहून फोन, त्यांच्या विमा कंपनीचे कोणी निवा. आवाज अगदी मधाळ.

"आजी, तुम्ही कुठल्या पायाने आत आलात?"

मी म्हटलं, "दोन्ही पायांनी आले. आणि मी तुमची आजी कधीपासून?"

"तसं नाही हो, आजी. आधी कुठला पाय टाकलात?"

"तुम्ही आज सकाळी घरातून निघताना आधी कुठला टाकलात?"

मग म्हणाले, फॉर्म पाठवतो. फॉर्म आला, अकरा पानांचा. चष्म्याचा नंबर विचारलाय. दिवसातून किती वेळा चक्कर येते असं विचारलंय, म्हणजे येते हे त्यांनी आधीच धरलंय. बुटांच्या तळाचा फोटो मागितलाय. पायपुसणं का नव्हतं, हा प्रश्न अकरा पानांत कुठेच नाही. तो मी शेवटच्या पानाच्या कोऱ्या जागेत स्वतः लिहिला आणि खाली त्याचं उत्तर मागितलं.

गावच्या ग्रंथालयातून नुकसानभरपाईच्या कायद्याचं पुस्तक आणलंय. शाळा नववीतच सुटली, त्यामुळे प्रत्येक पानाला शब्दकोश उघडावा लागतो. पण वाचल्यावर कळतं. हे असते तर म्हणाले असते, "आता ही वकील झाली." रोज रात्री जेवल्यावर आम्ही दोघं आपापलं पुस्तक घेऊन बसायचो. आता एकच दिवा लागतो.

हाताचं म्हणशील तर अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं सुईभोवती मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा, येईल. ओला टॉवेल पिळायला सांगितलाय. पिळते, पण पाणी गळत नाही.

देवळातून आताच्या महंतांच्या पत्नी येऊन गेल्या. "सावकाश होऊ द्या," म्हणाल्या, आणि तीन वेळा ऑक्टोबर म्हणाल्या.

किनुए

*

नीगाता, ११ मार्च

वहिनी,

दोन्ही पायांनी! हे वाक्य मी शेजारणींना वाचून दाखवलं. शाबास. ह्या निवाला आता कळलं असेल कोणाशी गाठ आहे.

तोगाशीवर मात्र विश्वास टाकू नका. उंबऱ्याशी वाकणारे मी हजारो पाहिलेत. वाकणं त्यांच्या पगारातच धरलेलं असतं. उदबत्ती लावली म्हणून तो आपला होत नाही.

बोटं मिटतील. तुमची हाडं शेतकऱ्याची आहेत. देवळाचं काम धरून ठेवा.

मित्सुयो

*

त्सुरुओका, १४ एप्रिल

मित्सुयो,

आज विमा कंपनीचं पत्र आलं. जसं आहे तसं उतरवून काढते: "आपण २८ फेब्रुवारी रोजी दुकानाकडे पाठवलेल्या भेटवस्तूवरील पट्टीद्वारे आपली दुखापत पूर्णतः बरी झाल्याचे आपणच कळविले आहे. त्यामुळे त्या दिनांकानंतरचा उपचारांचा खर्च व कामाचे नुकसान यांचा विचार करता येत नाही." सोबत एक रंगीत फोटो. माझी टॉवेलांची पेटी. वर पट्टी, पट्टीवर "पूर्ण बरी झाले" आणि खाली माझं नाव. लाल-पांढरी गाठसुद्धा स्वच्छ दिसतेय.

पेटी तोगाशींनी मुख्य कार्यालयाकडे पाठवली म्हणे, कारण त्यांच्याकडे कोणतीही भेट परस्पर ठेवून घ्यायची नसते. तिथून ती विमा कंपनीत गेली. माझे टॉवेल कुठवर फिरले बघ. आम्ही दोघं लग्नानंतर कुठे गेलो नाही एवढा त्यांचा प्रवास झाला.

त्यांनी देऊ केलीय ती रक्कम प्लास्टर निघेपर्यंतच्या औषधांची. त्याखाली शिक्का मारायची जागा आखून दिलीय.

किनुए

*

नीगाता, १७ एप्रिल

वहिनी,

मला घाम फुटला वाचून. बोटं मिटत नाहीत आणि तुम्ही बरी झाल्याची भेट पाठवता? ज्याच्याशी भांडताय त्यालाच? आणि दीड महिना मला एका शब्दाने सांगितलं नाहीत! मी इथे तुमच्यासाठी कागद जमवा, कागद जमवा म्हणून जीव काढतेय, आणि तुम्ही त्यांच्याच हातात असला कागद दिलात, तोही गाठ मारून. इतकी पुस्तकं वाचता, एवढं सुचलं नाही? कोणी सांगितलं तुम्हाला असलं शहाणपण करायला?

मित्सुयो

*

त्सुरुओका, २० एप्रिल

मित्सुयो,

तू. तुझं १५ फेब्रुवारीचं पत्र, शेवटचा परिच्छेद. सोबत पाठवतेय, वाचून परत कर. तूच कागद जमवायला सांगितलंयस ना.

न सांगण्याचं म्हणशील तर त्यात सांगण्यासारखं काय होतं? दात घासले हे मी तुला कळवते का? कोणी फळं आणली की परत पाठवायचं, लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंनी हेच शिकवलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बऱ्या झालात ना?" माझा हात गळ्यात बांधलेला तिला दिसत होता. मी म्हटलं, "हो." पाठीमागे रांग होती.

आता ज्या गोष्टी मी खरंच लिहिल्या नाहीत त्या लिहिते. मार्चअखेर देवळातून एक तातामी आणून घेतली, हात चालतो का बघायला. ह्यांची सुई अंगठ्यात धरून तळहाताने रेटली. अठरा टाके घातले. एकही ताणला गेला नव्हता, बोट घातलं की पट्टी उचलली जात होती. असे टाके हे उसवायला लावायचे, काही न बोलता. मी उसवले आणि पुन्हा घातले, पुन्हा तसेच. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. नंतर आठ दिवस हात खांद्यापासून ठणकला. तुला वाटेल तेवढी माझी हाडं शेतकऱ्याची नाहीत.

किनुए

*

नीगाता, २५ एप्रिल

वहिनी,

तुमचं, म्हणजे माझं, पत्र परत पाठवत आहे. मी ते तीन वेळा वाचलं. अक्षर माझंच आहे, काय करणार.

एकतीस वर्षांत मी त्या गाठी किती मारल्या असतील ह्याचा हिशोब नाही. त्यातली निम्मी माणसं तरी कुबड्या घेऊन, कंबर धरून, बायकोच्या खांद्यावर हात टाकून यायची. एक गृहस्थ तर सलाईनच्या सुईवर पट्टी चिकटवून थेट हॉस्पिटलातून आले होते. मी सगळ्यांच्या पेट्यांवर "पूर्ण बरे झालो" लावलं. कधी एकालाही विचारलं नाही की साहेब, नक्की का? विचारलं असतं तर नोकरी गेली असती. हे सगळं मी कागदावर लिहून काढलंय, किती वर्षं, कुठलं काउंटर, सगळं. खाली शिक्का मारलाय. सोबत आहे. निदान हा कागद तरी आपल्या बाजूचा.

त्यांच्या आखलेल्या जागेत काही करू नका. तिथल्या लहान कोर्टात तडजोडीसाठी अर्ज करता येतो, वकील लागत नाही. तुमच्या त्या पुस्तकात असेलच. तारीख लागली की कळवा, मी येते. आले की निवाला सांगते आजी कोणाला म्हणायचं ते.

आणि वहिनी, ते अठरा टाके तुम्ही मला मार्चमध्येच लिहायला हवे होते. दादा तुम्हाला बोलायचा नाही, पण मला म्हणायचा, किनुएचा टाका माझ्यापेक्षा सरळ पडतो, तिला सांगू नकोस.

मित्सुयो

*

नीगाता, ९ जून

वहिनी,

नेमकी तुमच्या कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठेवलीय. मोतीबिंदू, विशेष काही नाही. पुढे ढकला म्हटलं तर डॉक्टर म्हणे सप्टेंबर. म्हणजे तुम्ही एकट्या. माफी मागू नका. मी तुमच्या पाया पडते, खोलीत शिरताना, खुर्ची ओढताना, चहा आला तर, माफी मागू नका. आणि काही झालं तरी देवळाचं काम सोडणार नाही असं तिथे ठणकावून सांगा.

सुनेकडून लिहून घेतेय. पुढचं पत्र मोठ्या अक्षरात लिहा.

मित्सुयो

*

त्सुरुओका, ४ जुलै

मित्सुयो,

मोठ्या अक्षरात लिहितेय. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावरच वाच. एक महिना पत्र नाही म्हणून तू चिडली असशील. एका तारखेत झालं नाही, दोन लागल्या.

खोलीत शिरताना मी माफी मागितली. तोंडातून गेलीच. पण ती तेवढीच.

गोल टेबल होतं. तडजोड करणारे दोघे, एक निवृत्त शिक्षिका आणि एक म्हातारे वकील, जे हसतच नव्हते. समोर निवा, बाजूला तोगाशी मान खाली घालून. पहिल्या तारखेला आम्हाला पाळीपाळीने आत बोलावत होते, दुसऱ्या वेळी सगळ्यांना एकत्र बसवलं. निवांनी टॉवेलांचा फोटो टेबलाच्या मध्यावर ठेवला.

"आजी, हे तुम्हीच पाठवलंत ना? दुखणं पूर्ण बरं झालं असं लिहिलंय."

"मीच पाठवलं," मी म्हटलं. "तुम्ही शेवटचे कधी आजारी पडला होतात?"

"त्याचा इथे काय संबंध?"

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "सांगून टाका की."

"गेल्या वर्षी कंबर धरली होती. तीन आठवडे रजेवर होतो."

"ऑफिसातून काही आलं?"

"फळं आली."

"परतभेट गेली?"

"ते बायको बघते. गेली असेल."

"कधी?"

"कामावर रुजू झालो त्या दिवशी."

"आणि कंबर बरी झाली होती?"

ते उत्तर द्यायला खुर्चीत जरा सरकले आणि सरकताना त्यांचा हात आपोआप कंबरेवर गेला. बाईंनी तोंडावर रुमाल धरला. मग तुझा कागद वाचला गेला, सलाईनवाल्या गृहस्थांसकट. मोठ्याने वाचला. तू असायला हवी होतीस.

तेवढ्यात तोगाशी बोलले. कोणी विचारलं नव्हतं. म्हणाले, "पायपुसणं मीच उचलायला सांगितलं होतं. सेलचा दिवस होता, ट्रॉल्यांची चाकं त्यात अडकत होती." निवांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मलाच वाईट वाटलं. त्या माणसाला तू फार बोललीस, मित्सुयो. नोकरी टिकली तर बरं. परत उभे राहून वाकले, आणि ते पगारातलं वाकणं नव्हतं.

मग निवा म्हणाले, ठीक आहे, कंपनी विचारपूस म्हणून एक रक्कम देईल, चूक कोणाची हे लिहायला नको. रक्कम वाईट नव्हती. पण मी म्हटलं, "विचारपुशीचे पैसे मला चालणार नाहीत. निम्मे परत पाठवावे लागतील. एवढ्या पैशांचे टॉवेल मी आणू कुठून? भरपाई लिहा, नाहीतर राहू दे." हे मी विनोद म्हणून बोलले नव्हते. मला खरंच परत पाठवावे लागले असते, तुला माहीत आहे. म्हाताऱ्या वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि कागदावर भरपाई असा शब्द लिहिला, निवांना विचारलं नाही. औषधपाणी, व्यायामाचा खर्च आणि पाच महिन्यांचं काम. पायपुसणं नव्हतं हेही लिहिलं. ती ओळ मी दोनदा वाचून घेतली.

आता राहिलेलं सांगते. असा निवाडा व्हायला डॉक्टरचा शेवटचा दाखला लागतो: उपचार संपले, हात आता आहे असाच राहील. तो असल्याशिवाय रक्कम ठरत नाही, पुस्तकातही तसंच दिलंय. दोन तारखांच्या मधे मी तो मागायला गेले. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडे महिने थांबून बघायचं का?" मी विचारलं, "थांबून सुई धरता येईल?" त्यांनी दाखल्याचा कागद पुढे ओढला. मग मी म्हटलं, "लिहा."

बसमध्ये तो दाखला मांडीवर घेऊन बसले होते. तुला तेव्हाच लिहिणार होते. पण तू डोळे मिटून पडलेली, आणि तुझं एकच पालुपद, देवळाचं काम सोडू नका. सुनेने तुला हे मोठ्याने वाचून दाखवावं असं मला नको होतं. तिथे मी काही ठणकावून सांगितलं नाही. अठ्ठेचाळीस तातामी म्हणजे रोज बसलं तरी तीन महिने, आणि आता जुलै लागला. महंतांच्या पत्नी माझ्या तोंडावर काही बोलणार नाहीत. ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्या "सावकाश" म्हणत राहतील, आणि लोक फाटक्या तातामीवर बसतील, तेही माझी भीड म्हणून. ते ह्यांना चाललं नसतं, आणि मला तर नाहीच चालत.

सह्याशिक्के शुक्रवारी झाले. घरी आले, ह्यांच्या पुढ्यात कागद ठेवला, जेवले, आणि बऱ्याच दिवसांनी पुस्तकाला हात न लावता झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने साकाताला होनमा तातामीवाल्यांकडे गेले, सभागृहातल्या प्रत्येक तातामीचं माप त्यांना लिहून दिलं आणि देवळाचं काम त्यांच्या हवाली करून आले.

किनुए